डॉ. बुसिया आणि सत्तेची मर्यादा

राज्यकर्त्याने कसे वागावे हे सांगणारे पंडित जगाच्या इतिहासात थोडे नाहीत. आणि त्यांचे न ऐकणारे राज्यकर्ते तर त्याहून पुष्कळच अधिक आहेत. परंतु ज्याने सत्तेच्या मर्यादांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यावर प्रमाणभूत ग्रंथ लिहिला, आणि पुढे त्याच भूमीत सर्वोच्च अधिकारपद प्राप्त होऊन त्या मर्यादा स्वतः पाळण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला, असा मनुष्य विरळा. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाचे एके काळचे पंतप्रधान डॉ. कोफी आब्रेफा बुसिया हे अशा विरळा पुरुषांपैकी एक होत. जन्माने ते राजकुलातले, विद्येने ऑक्सफर्डचे डॉक्टर, वृत्तीने अध्यापक आणि प्राक्तनाने राजकारणी. राजाचे आसन, अध्यापकाचे आसन आणि पंतप्रधानाचे आसन या तिन्हींशी त्यांचा संबंध आला. त्यांपैकी पहिले त्यांनी पारखले, दुसरे भूषविले, आणि तिसरे सत्तावीस महिन्यांत गमावले.

आमच्या सुशिक्षित वर्गास ऑक्सफर्डच्या गल्ल्या ठाऊक असतात, पण कुमासी हे नगर कोठे आहे हे सांगता येत नाही. आफ्रिका म्हटले की अरण्य, श्वापदे आणि ढोलांचा नाद एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. बुसियांचे चरित्र येथे सांगण्याचा आमचा एक हेतू हा की, त्या भूमीत राज्यव्यवहाराविषयी किती सूक्ष्म विचार झालेला होता हे वाचकांस कळावे. दुसरा हेतू अधिक जिव्हाळ्याचा आहे. ज्यांचा जन्म वर्गात राज्यशास्त्राचे सिद्धांत समजावून देण्यात गेला, त्या आमच्यासारख्यांस एक प्रश्न कधी ना कधी छळतोच: सत्तेच्या मर्यादेचे ज्ञान सत्ताधाऱ्याच्या कितपत उपयोगी पडते? बुसियांच्या चरित्रात या प्रश्नाची जी कसोटी लागली तशी ती फार थोड्या चरित्रांत लागलेली आम्ही पाहिली आहे.

घाना हे त्या देशाचे नाव १९५७ सालचे. त्यापूर्वी इंग्रज त्यास ‘गोल्ड कोस्ट’, म्हणजे सुवर्णकिनारा, म्हणत. किनाऱ्यापासून आत गेले म्हणजे दाट अरण्याचा पट्टा लागतो, आणि त्यात असांते लोकांचे पुरातन राज्य वसलेले आहे. इंग्रजी ग्रंथांत हे नाव ‘अशांती’ असे लिहिलेले आढळते. मराठी वाचकाने त्यावरून त्या लोकांच्या स्वभावाविषयी भलतेच अनुमान काढू नये! सतराव्या शतकाच्या अखेरीस ओसेइ टुटू नावाच्या पराक्रमी राजाने निरनिराळ्या लहान राज्यांचा संघ करून या सत्तेचा पाया घातला. त्याचा सल्लागार ओकोम्फो आनोक्ये नावाचा धर्मगुरू होता. त्याने एका शुक्रवारी आकाशातून एक सुवर्णासन खाली उतरविले, आणि सर्व असांते राष्ट्राचा प्राण त्या आसनात आहे असे जाहीर केले, अशी परंपरागत कथा आहे. शुक्रवारी आलेले म्हणून त्याचे नाव ‘सिका ड्वा कोफी’. असांतेंमध्ये मनुष्याचे नावही जन्मवारावरून ठेवतात, आणि शुक्रवारी जन्मलेला मुलगा तो कोफी. आमच्या चरित्रनायकाचा जन्म ११ जुलै १९१३ रोजी, म्हणजे शुक्रवारीच, झाला.

या सुवर्णासनाचा विशेष असा की, त्यावर कोणीही बसत नाही. खुद्द राजाही नाही. सत्ता राजाची नसून राष्ट्राची आहे, आणि राजा हा तिचा राखणदार आहे, हे तत्त्व त्या लोकांनी अशा रीतीने सर्वांच्या डोळ्यांपुढे मांडले होते. इंग्रजांस ही गोष्ट उमगली नाही. १८९६ साली त्यांनी राजा प्रेंपे यास धरून देशोधडीस लावले. आणि १९०० साली गव्हर्नर हॉजसन याने कुमासीत दरबार भरवून, ते सुवर्णासन आपणांस बसावयास का आणून दिले नाही, असा उर्मट सवाल केला. त्याचे उत्तर एजिसूची राजमाता या आसांतेवा हिच्या नेतृत्वाखाली झालेल्या युद्धाने मिळाले. युद्धात असांतेंचा पराभव होऊन राज्य खालसा झाले, परंतु आसन मात्र इंग्रजांच्या हाती लागले नाही. ज्या वस्तूवर कोणी बसावयाचेच नसते ती बसण्यासाठी मागणे, यात दोन राज्यपद्धतींमधील सारे अंतर आले.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. तेथील राजांस इंग्रज ‘चीफ’ म्हणत, कारण ‘किंग’ हे पद त्यांनी आपल्या बादशहासाठी राखून ठेवले होते. आपल्याकडील छत्रधारी संस्थानिकांसही त्यांनी याच न्यायाने ‘प्रिन्स’ व ‘चीफ’ यांच्या पंक्तीस बसविले होते. त्याचे भाषांतर ‘टोळीनायक’ असे करणे अन्यायाचे होईल. म्हणून आम्ही येथे ‘राजा’ हाच शब्द योजतो. कुमासीचा तो महाराजा, आणि त्याच्या सभोवतीच्या निरनिराळ्या प्रांतांचे हे राजे. असाच एक प्रांत वायव्येस वेंची येथे आहे, आणि तेथील राजकुलात बुसियांचा जन्म झाला.

बालपणी त्यांच्यावर मेथडिस्ट मिशनचा संस्कार झाला व तो जन्मभर टिकला. ते अखेरपर्यंत श्रद्धावान ख्रिस्ती होते. केप कोस्ट येथील म्फान्त्सिपिम विद्यालय, कुमासीचे वेस्ली कॉलेज आणि आक्राजवळचे आचिमोटा अशा पायऱ्या चढत ते ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊन पोहोचले आणि १९४१ साली तेथील पदवीधर झाले. १९४२ साली सरकारने प्रथमच दोन आफ्रिकी तरुणांस असिस्टंट डिस्ट्रिक्ट कमिशनरच्या जागेवर नेमले. त्यांतील एक बुसिया होते. ज्या खुर्चीवर बसून गोरा अंमलदार राजांची भांडणे तोडीत असे, त्याच खुर्चीवर राजकुलातला एक तरुण येऊन बसला! त्यास दोन्ही बाजू आतून पाहावयास मिळाल्या. पण नोकरीत त्यांचे मन फार काळ रमले नाही. ते पुन्हा ऑक्सफर्डला गेले आणि १९४७ साली त्यांनी सामाजिक मानवशास्त्रातील डॉक्टर ही पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय असांतेंच्या अर्वाचीन राज्यव्यवस्थेतील राजाचे स्थान हा होता. १९५१ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि त्या विषयावरील आधारग्रंथ म्हणून त्याची गणना होऊ लागली.

या ग्रंथाचे सार थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व कथेची किल्ली त्यातच आहे. असांते राजा हा केवळ वंशपरंपरेने गादीवर येत नाही. तेथे वारसा आईकडून चालतो; त्या मातृवंशात योग्य असे अनेक पुरुष असतात, त्यांतून राजमाता एकाचे नाव सुचविते, वृद्ध सरदार त्यास मान्यता देतात, आणि प्रजाजनांचा होकार मिळाल्यावरच त्याची प्रतिष्ठापना होते. हे आसन म्हणजे एका अखंड लाकडातून कोरून काढलेली बुटकी बैठक. सत्कीर्त राजा निवर्तला म्हणजे त्याचे आसन काळे करून देवघरात ठेवतात आणि त्यास नैवेद्य दाखवितात. भूमी पूर्वजांची, तिचा उपभोग जिवंतांनी घ्यावा आणि ती पुढे जन्मणारांच्या हाती सोपवावी. राजा हा पूर्वज आणि प्रजा यांमधील दुवा. आसनावर बसल्यानंतर तो जे जे मिळवील ते आसनाचे होते, त्याचे स्वतःचे राहत नाही.

प्रतिष्ठापनेच्या वेळी सरदार आपल्या मुखवक्त्याच्या द्वारे राजास सर्वांसमक्ष काही ताकीद देतात. त्याने मद्यपी होऊ नये, कोणाच्या कुळाचा उल्लेख करून त्यास हिणवू नये, भेटावयास आलेल्यास सवड नाही म्हणून परत लावू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, सल्ला मिळेल तो ऐकावा, सल्ल्यावाचून काही करू नये. राजाने या सर्वांस होकार द्यावयाचा असतो. हा करार आहे, आणि तो मोडल्यास शिक्षाही आहे. राजाचे उघडे पाऊल कधीही भूमीस लागता कामा नये, अशी तेथे दृढ समजूत असल्यामुळे तो सदैव वहाणा घालून चालतो. परंतु त्याने वचन मोडले, सरदारांचा उपमर्द केला, किंवा आसनाचे धन उधळले, तर सरदार त्याच्यावर आरोप ठेवतात, चौकशी करतात, आणि दोष सिद्ध झाल्यास त्याच्या पायांतील वहाणा काढून घेतात. पाय मातीस लागला की तो राजा राहिला नाही! यासाठी बंड लागत नाही की सैन्य लागत नाही. ज्यांनी बसविले त्यांनीच उठविले, एवढेच.

इंग्रजी अमलाने या घटनेची मोडतोड कशी केली हे बुसियांनी फार मार्मिकपणे दाखविले आहे. इंग्रजांनी राजे ठेवले, किंबहुना त्यांच्याच हातून कारभार चालविण्याचे धोरण स्वीकारले. १९३५ साली असांते संघराज्यही त्यांनी पुन्हा उभे करून दिले. पण राजाची नेमणूक सरकारच्या मान्यतेवर अवलंबून राहू लागली, आणि त्याच्या अधिकाराचा आधार आसनाखालून निघून कमिशनरच्या कचेरीत गेला. राजास दोन धनी झाले. प्रजेस तो सरकारचा हस्तक वाटू लागला, आणि सरकारास तो सुस्त नोकर वाटू लागला. इकडे कोकोच्या लागवडीने नवे श्रीमंत निर्माण झाले, मिशनच्या शाळांतून नवे शिकलेले तरुण बाहेर पडले, आणि ख्रिस्ती झालेले लोक आसनाच्या पूजेस येईनासे झाले. अधिकाराचा सांगाडा उभा होता. त्यातील सल्ल्याचा आणि श्रद्धेचा जीव मात्र जात चालला होता. आपल्याकडे रेसिडेंटाच्या संरक्षणाखाली आलेल्या संस्थानिकांचे जे झाले तेच हे, हे वाचकांच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही. बाहेरून ज्यास आधार मिळतो त्यास आतून कोणी आवरू शकत नाही.

विद्येच्या क्षेत्रात बुसियांचा उत्कर्ष येथून झपाट्याने झाला. सेकोंडी–टाकोराडी या बंदरांच्या जोडगावातील मजुरांच्या राहणीची पाहणी करून त्यांनी १९५० साली अहवाल प्रसिद्ध केला, आणि १९५४ साली गोल्ड कोस्टच्या नव्या युनिव्हर्सिटी कॉलेजात समाजशास्त्राचे अध्यासन त्यांस मिळाले. तेथे प्राध्यापकपदी चढलेले ते पहिले आफ्रिकी गृहस्थ. ते तेथेच राहते तर एक थोर विद्वान एवढीच त्यांची ख्याती उरली असती, आणि आम्हांस हा लेख लिहिण्याचे कारणही पडले नसते. पण काळ मोठा विलक्षण होता.

१९४९ साली क्वामे एन्क्रुमा यांनी आपला नवा पक्ष काढून ‘स्वराज्य आत्ता’ अशी हाक दिली होती. एन्क्रुमा हे लोकांना हलविणारे पुरुष होते. गाडीवान, बाजारात बसणाऱ्या बायका, शाळा सोडलेली बेकार पोरे, या सर्वांस त्यांनी राजकारणात आणले. जे राजे लोकांच्या लढ्यात येणार नाहीत ते एके दिवशी वहाणा टाकून पळतील, असे १९५० साली त्यांच्या पत्रात छापून आले. असांते मनुष्याच्या कानास हे शब्द किती झोंबले असतील याची कल्पना वर सांगितलेल्या विधीवरून यावी. बुसिया १९५१ साली असांते राजांच्या परिषदेकडून कायदेमंडळात गेले, आणि १९५२ साली एका नव्या विरोधी पक्षाचे पुढारी झाले. त्यांचे भाषण म्हणजे व्याख्यान. मुद्दे क्रमाने मांडलेले, प्रत्येक विधानास आधार. मैदानात जमलेल्या हजारोंस आधार नको होता, आशा हवी होती. १९५४ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा एकच मनुष्य निवडून आला, आणि तो म्हणजे स्वतः बुसिया!

त्याच वर्षी सरकारने कोकोचा शेतकऱ्यास द्यावयाचा भाव बांधून टाकला, आणि असांते प्रांत पेटला. सप्टेंबर १९५४ मध्ये कुमासी येथे राष्ट्रीय मुक्तिचळवळ सुरू झाली. कोकोवाले शेतकरी, तरुण आणि राजे असे तिघेही तीत होते, आणि बुसिया तिचे राजकीय धुरीण झाले. सर्व सत्ता आक्रा येथे एका हाती एकवटू नये, प्रांतांस स्वायत्तता देणारी संघराज्य घटना असावी, अशी त्यांची मागणी होती. जुलै १९५६ च्या निवडणुकीत १०४ पैकी ७१ जागा एन्क्रुमा यांनी जिंकल्या. तेव्हा बुसियांनी लंडनला शिष्टमंडळ नेऊन, योग्य हमी मिळाल्यावाचून स्वातंत्र्य देण्याची घाई करू नये, अशी विनंती केली. या कृत्याबद्दल त्यांच्या देशातील पुष्कळांनी त्यांस कधीही क्षमा केली नाही. आमच्या मते त्यांचे भय खरे होते, पण ते निवेदन करण्याचे स्थळ चुकले. आपल्या घरातील वाद परक्या धन्यापुढे नेणे हीच तर राजांच्या अधोगतीची सुरुवात, असे त्यांच्याच ग्रंथाचे तात्पर्य नव्हते काय?

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. त्यानंतर भय खरे ठरावयास फार दिवस लागले नाहीत. प्रांत, धर्म किंवा वंश यांवर उभारलेल्या पक्षांस त्याच वर्षी कायद्याने बंदी झाली; तेव्हा सर्व विरोधकांनी मिळून युनायटेड पार्टी काढली व बुसियांस आपले नेते केले. १९५८ साली कोणासही खटल्यावाचून पाच वर्षे डांबून ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला. १९५९ साली बुसियांनी देश सोडला. त्यांचे थोर सहकारी, तत्त्ववेत्ते आणि कायदेपंडित जे. बी. डान्क्वा हे मायदेशी राहिले, आणि १९६५ साली न्सावाम येथील तुरुंगात वारले. बुसिया गेले नसते तर त्यांच्याही नशिबी तेच आले असते, असे मानण्यास जागा आहे.

परदेशवासाची ही वर्षे त्यांनी हॉलंडात आणि मग ऑक्सफर्डच्या सेंट अँटनी कॉलेजात काढली. १९६२ साली अमेरिकन सेनेटच्या एका उपसमितीपुढे त्यांनी एन्क्रुमा सरकारविरुद्ध साक्ष दिली. परक्या दरबारात दाद मागण्याचा हा दुसरा प्रसंग. परंतु याच काळात त्यांचे चिंतन परिपक्व झाले. आफ्रिकेच्या परंपरेस विरोधी पक्ष ठाऊकच नाही, म्हणून एकपक्षीय राज्य हेच तेथे स्वाभाविक, असे त्या वेळी पुष्कळ आफ्रिकी पुढारी म्हणू लागले होते. बुसियांनी त्याचे सप्रमाण खंडन केले. ज्या परंपरेत राजाने सल्ला ऐकण्याची शपथ घ्यावयाची, आणि न ऐकल्यास ज्याच्या वहाणा काढावयाच्या, ती परंपरा एकतंत्राची कशी? १९६७ साली निघालेला त्यांचा लोकशाहीच्या शोधातील आफ्रिकेविषयीचा ग्रंथ या विचाराची परिणती होय. त्या विषयावर इतक्या अधिकाराने लिहू शकणारे त्या पिढीत थोडेच होते.

२४ फेब्रुवारी १९६६ रोजी एन्क्रुमा चीनच्या मार्गावर असता सैन्याने त्यांस पदच्युत केले. बुसिया मायदेशी परतले, आणि २९ ऑगस्ट १९६९ च्या निवडणुकीत त्यांच्या प्रोग्रेस पार्टीने १४० पैकी १०५ जागा जिंकल्या. वयाच्या छपन्नाव्या वर्षी प्राध्यापक पंतप्रधान झाले. नव्या घटनेत सत्तेस आवरण्याची पुष्कळ साधने होती: स्वतंत्र न्यायालय, मूलभूत हक्क, राजांची राष्ट्रीय परिषद. ज्याने जन्मभर मर्यादेचे शास्त्र शिकविले त्याच्याच हाती मर्यादित सत्ता आली. याहून शुभ योग कोणता?

पण पहिल्याच परीक्षेत विपरीत घडले. १८ नोव्हेंबर १९६९ रोजी, अधिकारावर येऊन दोन महिनेही झाले नव्हते तोच, राहण्याचा परवाना नसलेल्या परदेशीयांनी पंधरा दिवसांत देश सोडावा असा हुकूम निघाला. नायजेरिया, नायजर आणि अपर व्होल्टा येथून आलेले लक्षावधी लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे व्यापार आणि मजुरी करीत होते. परवाना म्हणजे काय हेही त्यांतील पुष्कळांस ठाऊक नव्हते. डोक्यावर बोचकी घेतलेली कुटुंबे सरहद्दीकडे निघाली. बेकार घानावासीयांस काम मिळावे हा हेतू होता. पण कोकोच्या मळ्यांस मजूर मिळेनात, आणि शेजारी राष्ट्रे दुखावली गेली. पुढे १९७० च्या कायद्याने काही धंदे देशी लोकांसाठी राखून ठेवले, त्याची झळ तेथील लेबनानी आणि हिंदी व्यापाऱ्यांसही लागली. ज्या समाजशास्त्रज्ञाने बंदरातील परगावच्या मजुरांचे जीवन घरोघरी जाऊन टिपून घेतले, त्याच्याच सहीने हे व्हावे!

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. १९७० च्या आरंभी ५६८ सरकारी नोकरांस एकदम काढून टाकण्यात आले. त्यांतील एक अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि एप्रिलमध्ये न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला. त्यावर पंतप्रधानांनी नभोवाणीवरून राष्ट्रास सांगितले की, सरकारने अमक्यास नोकरीवर ठेवावे अशी सक्ती कोणतेही न्यायालय करू शकत नाही. न्यायालय त्यांनी बंद केले नाही, न्यायाधीशांस तुरुंगात टाकले नाही, हे खरे. पण सल्ल्यावाचून काही करू नये, ही जी ताकीद आसनावर बसणारास प्रथम दिली जाते, तिचा विसर त्यांस त्या संध्याकाळी पडला असे म्हणावे लागते. त्याच वर्षी, दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारशी बोलणी करावी या त्यांच्या धोरणावर टीका करणाऱ्या एका सरकारी दैनिकाच्या संपादकास आपली जागा गमवावी लागली. १९७१ साली मजूरसंघांची मध्यवर्ती संस्था कायद्याने मोडण्यात आली, आणि एन्क्रुमा यांच्या पुनरागमनाचा पुरस्कार करणे हा गुन्हा ठरविण्यात आला.

न्यायासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. खेड्यांकडे इतक्या आस्थेने पाहणारे सरकार घानात पूर्वी झाले नव्हते. रस्ते, विहिरी, दवाखाने आणि वीज खेड्यापाड्यांत नेण्याचा त्यांनी मनापासून उद्योग केला. खटल्यावाचून माणसे डांबण्याचा जुना कायदा त्यांनी परत आणला नाही, आणि विरोधी पक्ष कायदेमंडळात बसून उघडपणे टीका करीत होता. मागील राजवटीचे कर्ज डोईजड झालेले, आणि ज्या कोकोवर सारा देश जगत होता त्याचा भाव जगाच्या बाजारात कोसळत चाललेला. अशा पेचातून सुखरूप निघणे कोणासही कठीण होते. अखेर २७ डिसेंबर १९७१ रोजी त्यांनी सेडी या चलनाचे मूल्य शेकडा ४४ ने उतरविले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने या निर्णयास काही आधार असेलही. पण नाताळच्या सणात दुकानात गेलेल्या गृहिणीस अर्थशास्त्र समजावून देणे कोणत्याही प्राध्यापकास साधत नाही. सैनिक अधिकाऱ्यांच्या सवलती त्यापूर्वीच कापल्या गेल्या होत्या. १३ जानेवारी १९७२ रोजी पंतप्रधान औषधोपचारासाठी लंडनला असता कर्नल आचेंपाँग यांनी सत्ता बळकाविली.

बुसिया पुन्हा मायदेशी परतले नाहीत. २८ ऑगस्ट १९७८ रोजी ऑक्सफर्डजवळ त्यांचे निधन झाले. त्यांस घालविणाऱ्या आचेंपाँगना त्यांच्याच सहकारी सेनाधिकाऱ्यांनी त्यापूर्वी आठच आठवडे, जुलैमध्ये, पदावरून दूर केले होते. आणि पुढील वर्षी एका तिसऱ्या लष्करी उठावानंतर ते गोळ्या घालून ठार मारले गेले. ज्या देशात राजास उठविण्यासाठी केवळ त्याच्या वहाणा काढणे पुरेसे होते, त्या देशात राज्यकर्ता बदलण्यासाठी आता बंदुकी लागू लागल्या! बुसियांनी आपल्या ग्रंथात जे निदान केले होते त्याचे याहून दारुण प्रत्यंतर दुसरे कोणते असणार?

मग आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर काय? ज्ञान व्यर्थ ठरले काय? आम्हांस तसे वाटत नाही. असांतेंची घटना राजाच्या शहाणपणावर विसंबून नव्हती, हेच तिचे रहस्य. राजा शहाणा असो की नसो, त्याच्या सभोवती बसलेले वृद्ध त्यास नित्य भेटत, तोंडावर बोलत, आणि वेळ पडल्यास हात घालीत. बुसियांपाशी हे ज्ञान होते. पण तसे वृद्ध त्यांच्या सभोवती नव्हते. कायदेमंडळात १०५ जागांचे भक्कम बहुमत, आणि चुकीस चूक म्हणणारे न्यायालय मात्र नभोवाणीवरून झिडकारलेले; अशा स्थितीत विद्वान मनुष्य आपल्या विद्वत्तेलाच सल्लागार मानू लागतो. अडाणी सत्ताधारी निदान कधी कधी दुसऱ्यास विचारतो. पंडितास आपल्याला सर्व कळते असे वाटण्याचा धोका अधिक. मर्यादा पुस्तकात लिहून भागत नाही. ती पाळावयास लावणारी माणसे आणि संस्था असाव्या लागतात, आणि त्यांचे बोलणे कटू लागले तरी ऐकण्याची सवय सत्ताधाऱ्यास असावी लागते.

घानाने हा धडा फार मोठी किंमत देऊन, पण अखेर घेतला असे म्हणावयास हरकत नाही. १९९२ च्या राज्यघटनेने राजपदास संरक्षण दिले, आणि त्याच वेळी आसनावर बसलेल्याने पक्षीय राजकारणात पडू नये असेही ठरवून टाकले. बुसियांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री असलेले जॉन कुफुओर हे निवडणूक जिंकून २००१ साली राष्ट्राध्यक्ष झाले. दोन कारकीर्दी पुऱ्या करून २००९ साली, अत्यल्प मतांनी विजयी झालेल्या विरोधी पक्षाच्या हाती त्यांनी सत्ता शांतपणे सोपविली. ना रणगाडे आले, ना कोणी परदेशी पळाले. लोकांनी मतपेटीच्या द्वारे एका पक्षाच्या वहाणा काढल्या आणि दुसऱ्यास आसनावर बसविले. वेंचीच्या त्या प्राध्यापकाने आपल्या पहिल्या ग्रंथात ज्या पुरातन न्यायाचे वर्णन केले होते, तो न्याय नव्या रूपाने, तो गेल्यावर का होईना, त्याच्या देशात पुन्हा चालू झाला.